स्टिअरिंगचं ऑइल घरीच बदललं

१२ नोव्हेंबर, मंगळवार
गाडीचं स्टिअरिंग जड झालंय. पार्किंगमधून काढताना घाम फुटतो. निदान मी स्वतःच केलं: पॉवर स्टिअरिंगचं ऑइल. घेतल्यापासून बदललेलं नाही. सेकंडहँड घेतली, म्हणजे आधीच्यानेही बदललं नसणार. लोक फार निष्काळजी असतात.

शनिवारी थोरल्या काकांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. सकाळी आत नेणार. हॉस्पिटल घाटापलीकडच्या शहरात. कुंपणाच्या भिंतीवरून भांडण झाल्यापासून बाबा आणि काका कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. परवा काकांनीच फोन केला, ऑपरेशनआधी एकदा तोंड दाखवून जा म्हणाले. तेव्हापासून बाबा हॉलमध्ये फेऱ्या मारतायत. ते आता गाडी चालवत नाहीत, म्हणून त्यांना नेण्याची जबाबदारी माझी.

बायको म्हणाली, आधी गॅरेजमध्ये दाखव. तिला समजावलं की गॅरेजवाले गिऱ्हाईक बघून आजार काढतात. मी इंटरनेटवर पाहिलेल्या व्हिडिओतला माणूस पांढरा शर्ट घालून ऑइल बदलतो, शर्टाला डागसुद्धा पडत नाही.

१३ नोव्हेंबर, सकाळ
सामान आणलं. ऑइलची बाटली (लाल, व्हिडिओतल्यासारखंच), रबरी नळी, औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज. ऑइलवाला विचारत बसला, गाडी कुठली, मॉडेल कुठलं. म्हटलं, तुम्ही बाटली द्या, बाकीचं मी बघतो.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ
झालं! ऑफिसातून लवकर आलो.

ऑइलची डबी शोधण्यातच निम्मा वेळ गेला. व्हिडिओतल्यासारखी डबी आमच्या गाडीत नाहीच. कंपन्या मुद्दाम जागा बदलतात, मालकाने हात घालू नये म्हणून. पण मीही खमक्या. शेवटी बॉनेटखाली मागे, काचेच्या बाजूला सापडली. झाकणावर एक गोल आणि दोन्ही बाजूंना कंस. म्हणजे स्टिअरिंगचं चाक आणि ते धरलेले दोन हात. शेंबड्या पोरालाही कळेल.

आतलं ऑइल पिवळट! असायला हवं लाल. किती खराब झालं होतं ते यावरून समजावं.

व्हिडिओत म्हणतात, थोडं उपसा, तितकंच नवं भरा, इंजिन चालू करून स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवा, मग पुन्हा थोडं उपसा. भित्र्यांसाठी ठीक आहे. मी डबी पार कोरडी केली, इंजिन चालू केलं, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. खबरदारी म्हणून सारखा ब्रेक दाबत होतो. मग लाल ऑइल काठोकाठ भरलं.

डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. तेच चिन्ह, गोल आणि कंस! नवं ऑइल पोचल्याची पावतीच.

शर्ट मात्र गेला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
स्टिअरिंग हलकं झालंय. म्हणजे अजून जडच आहे, पण वेगळ्या प्रकारे जड. नवं ऑइल मुरायला वेळ लागतो.

ब्रेक जरा खोल जातोय. विचार केला तेव्हा कारण सापडलं: स्टिअरिंगकडे ताकद वाढली, तेवढी ब्रेककडची कमी झाली. गाडीत एकूण ताकद ठरलेलीच असणार. सिग्नलला पट्ट्याच्या बऱ्याच पुढे थांबलो. एक बाई रस्ता ओलांडत होत्या, त्यांनी बॉनेटवर हात आपटला. हल्ली लोकांना धीर नाही.

हिने विचारलं, तो लाल दिवा कसला. सांगितलं, ऑइल बदलल्याचा. कधी विझणार, म्हणाली. म्हटलं, गाडीला सवय झाली की.

घरी आल्यावर दोन ग्लास पाणी प्यायलो. जिना चढल्यामुळे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी ही म्हणाली की मी झोपेत उजवा पाय सारखा गादीवर दाबत होतो.

ब्रेक आता दोन-तीनदा मारावा लागतो, मग लागतो. पण लागतो. डबीत आणखी थोडं ऑइल घातलं. संकल्प: उद्या घाटात वेग कमी, पुढच्या गाडीपासून अंतर भरपूर.

बाबांची पिशवी दाराशी तयार आहे. मघाशी ते आरशासमोर पुटपुटत होते. भेटल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं तेच ठरत नाहीये. मला बघून म्हणाले, गाडीचं काही असेल तर सांग, टॅक्सी करू. मला लागलं ते. एवढं ऑइल बदललं, कुणासाठी? गाडी लोण्यासारखी चालतेय, असं ठणकावून सांगितलं. बरं, म्हणाले.

जेवलो नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ
पहाटे निघालो. बाबा पुढे, ही मागे. फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत उतार आहे. उतारावर ब्रेक दाबला. पाय थेट तळाला. पुन्हा दाबला. काही नाही. मोठ्या रस्त्यावरून बस येत होती. मी स्टिअरिंग गच्च धरून नुसता ओरडलो.

बाबांनी हँडब्रेक ओढला.

गाडी गचका खाऊन थांबली, नाक रस्त्यावर. बस हॉर्न वाजवत इतक्या जवळून गेली की पुढची नंबरप्लेट घेऊन गेली. बाबा उतरले, पिशवी घेतली आणि कोपऱ्यावर जाऊन टॅक्सीला हात करत उभे राहिले. त्या वेळी टॅक्सी कुठली मिळायला! बऱ्याच वेळाने एक थांबली. मी येऊ का, विचारलं. ही म्हणाली, जागा नाही.

टॅक्सीत चार माणसं बसतात.

१६ नोव्हेंबर, दुपार
गॅरेजवाला गाडी ओढून न्यायला आला. बॉनेट उघडून त्याने त्या डबीत बोट बुडवलं, वास घेतला आणि विचारलं, ब्रेकच्या डबीत हे कुणी घातलं. मी म्हटलं, ब्रेकच्या? म्हणाला, हो, आणि या गाडीचं स्टिअरिंग विजेवर चालतं, त्याला ऑइल नसतंच. मग पुढच्या चाकांना लाथ मारून पाहिली. हवाच नाही म्हणाला, जड लागणारच.

एवढं सगळं त्याने एका दमात सांगितलं. मी शांतपणे ऐकून घेतलं. व्हिडिओत हा खुलासा करायला हवा होता.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ
हिचा फोन आला. पोचेपर्यंत काकांना आत नेलं होतं. दारापर्यंत ते नर्सला विचारत होते म्हणे, धाकटा आला का. ऑपरेशन नीट झालं, पण अजून शुद्धीवर आलेले नाहीत. बाबा बाहेरच्या बाकावर बसून आहेत, पाणीसुद्धा घेत नाहीत.

मला फार वाईट वाटतंय. चूक व्हिडिओची नाही. हे इथेच लिहितो, इथे कुणी वाचत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार
काका सकाळी शुद्धीवर आले. बाबांचं पहिलं वाक्य तसंच राहिलं. दोघे हात धरून रडले, असं ही म्हणाली. उशीर का झाला, असं काकांनी विचारलं तेव्हा बाबांनी सांगितलं, गाडी पंक्चर झाली. माझं नाव घेतलं नाही. हे ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

दुपारी बाबा आणि ही परत आले. बाबांनी गाडीची किल्ली मागितली. दिली. त्यांनी ती हिच्या हातावर ठेवली. दर रविवारी काकांकडे जायचं ठरलंय. गाडी दुरुस्त होऊन आली की बाबा हिला चालवायला शिकवणार.

मी म्हटलं, मलाही काहीतरी काम द्या. बाबांनी बराच विचार केला. निघण्याआधी चाकांत हवा आहे का ते मी बघायचं. नुसतं बघायचं. भरायची पंपावरच्या माणसाने.