सगुणामावशीचा ट्रे

१० जानेवारी १९९४

बोलले! कर्णिक साहेबांच्या मीटिंगमध्ये, सगळ्या ऑफिसरांसमोर! मी, आत्ताच लागलेली ट्रेनी ऑफिसर!

साहेब नवे मॅनेजर. म्हणाले, "आता बाहेरचा माल येणार. टीमवर्क नसेल तर वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांना कुलपं दिसतील. द्या कोणीतरी उदाहरण."

मी आमच्या स्विच जोडायच्या बाकाचं दिलं. थंडीत सगुणामावशीची बोटं आखडतात. मग शेजारच्या रंभा आणि आवडाबाई तिचा ट्रे गुपचूप ओढतात, स्क्रू पिळून भरतात, परत सरकवतात. माल कमी पडत नाही. कोणी कोणाला सांगत नाही.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "व्हेरी गुड, नीला!"

घरी आई मासळीची पाटी धूत होती. ऐकून हसली नाही. "अगो, ते त्याला कशाला सांगलंस?" स्वतः बाजारात शेजारणीची पाटी सांभाळते की! यात लपवायचं काय?

१२ जानेवारी

कळलं, काय ते.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "दोघींत तिघींचं काम होतं— तूच सांगितलंस. मग तिसरी कशाला?" सोमवारपासून ट्रायल. सगुणामावशी बाकावरून बाजूला. जमलं तर तिला व्हीआरएस देऊन घरी, मग बाकीच्या बाकांवरही तेच. बायकांना समजवायचं काम माझं. "तू त्यांच्याच कोळीवाड्यातली ना? तुझं ऐकतील."

मी बी.कॉम. झाले तेव्हा सगुणामावशीनेच सगळ्या बाकांवर पेढे वाटले होते.

१३ जानेवारी

सोडून देऊ नोकरी? माझ्या जागी दुसरं कोणी येईल, ट्रायल होईलच. आणि घरी? खाडीत मासळी राहिली नाही. बाबांची होडी उलटी पडलीय. मार्चपर्यंत मी प्रोबेशनवर, कच्ची. तोवर तोंड उघडायची सोय नाही.

मॅनेजमेंटच्या क्लासला जायचे तेव्हा वाटायचं, आपण ऑफिसर झालो की बायकांच्या बाजूने बोलू. बोलले की!

१४ जानेवारी

संक्रांत. ट्रायलचं मी कालच बाकावर सांगितलं होतं. रंभाने बाकावर सगळ्यांना तिळगूळ दिला. मला देताना "घ्या मॅडम" म्हणाली. परवापर्यंत नीले म्हणायची! गोड बोला म्हणालीच नाही.

१७ जानेवारी

ट्रायल सुरू. सगुणामावशीला स्टोअरमध्ये खोकी लावायला पाठवलं. जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाकावर दोघीच. हात चालत होते, पण ट्रे अर्धे! रंभाचे हात मला माहीत आहेत— हे ते हात नव्हते. समोर जाऊन उभी राहिले. तिने वर पाहिलं. नजर हटवली नाही. मीच हटवली.

संध्याकाळी साहेब म्हणाले, "तू तर म्हणालीस, होतं. मग या मुद्दाम करतायत का? विचार करून उद्या सांग."

हो म्हटलं तर सगुणामावशी घरी, आणि त्या दोघींवर मेमो. नाही म्हटलं तर त्या दिवशी मी काय सांगत होते?

आईला विचारलं. "आता मना नको विचारू," म्हणाली.

१८ जानेवारी

"त्या दिवशीचं मी मनाने रचलं होतं, सर. तुमच्यावर छाप पडावी म्हणून."

साहेबांनी ट्रायलची फाइल मिटली. "मार्चमध्ये तुझं बघतो."

सगुणामावशी बाकावर परत आली. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्यांच्या बाकाच्या टोकाला बसले. रंभाने माझा डबा गुपचूप आपल्याकडे ओढला, सुका जवळा घातला, परत सरकवला.