मिचिकोच्या आईची कानस

श्रूजबरी, अमेरिका, १२ नोव्हेंबर १९८५

आज सेमिनारमध्ये माझा पेपर वाचला: महायुद्धात अमेरिका आणि जपाननं लढाऊ विमानं कशी बनवली. जपानबद्दल म्हटलं, "शेवटी कारखान्यांत अकुशल शाळकरी मुली होत्या, म्हणून दर्जा घसरला." नंतर माझ्या लॅबमधली जपानी मिचिको शांतपणे म्हणाली, "त्यातली एक माझी आई. चौदा वर्षांची. पंखाच्या पत्र्यांची भोकं जुळायची नाहीत, म्हणून दिवसभर कानशीनं घासत बसायची."

मी फक्त "आय सी" म्हटलं. आय सी!

घरी येऊन सांगितलं तर रूममेट वैशाली म्हणाली, "सॉरी तरी म्हणायचं, यार."

"कशाबद्दल? वाक्य बरोबर आहे."

"वाक्याचं राहू दे गं. ती बोलेल का आता तुझ्याशी?"

माहीत नाही. अमेरिकेत आल्यापासून लॅबमध्ये जमलेली ती एकच मैत्रीण. पण वाक्य तरी बरोबर आहे का? भोकं जुळत नव्हती, म्हणजे पत्रेच चुकीचे येत होते. मुली ती चूक कानशीनं निस्तरत होत्या. मग दर्जा त्यांच्यामुळे कसा घसरला? दोष मी भलतीकडेच लावला.

वाक्य खोडलं, नवं लिहिलं, वैशालीला दाखवलं.

"छान. आणि सॉरी?"

ते तोंडानंच म्हणावं लागेल. उद्या सकाळी लॅबमध्ये बाकीचे यायच्या आधी तिला गाठते.