अकरावा रकाना

प्रिय ठमे,

पंधरा वर्षांच्या मुलीला ठमी म्हणू नये, कळतं मला. पण निदान पत्रात तरी चालवून घे. दर रविवारी फोन होतो, मग हे पत्र कशाला, असं म्हणशील. हल्ली फोनवर तू "हं", "बरं", "अभ्यास आहे गं, ठेवते" एवढंच बोलतेस आणि मलाही पुढे काही सुचत नाही. पत्र तुला मध्येच ठेवता येणार नाही, एवढाच माझा फायदा.

इथे थंडी सुरू झाली. टायरच्या दुकानावरची तीच खोली. खिडकी उघडली की रबराचा वास येतो, बंद केली की भिंतीला ओल धरते. मी वासाच्या बाजूने आहे. स्वयंपाकघर चौघींत एक, फ्रिजमधला तिसरा कप्पा माझा. समोरासमोर आलो तर हसतो, त्यापलीकडे काही नाही. परवा सुट्टीच्या दिवशी चार वाजता लक्षात आलं, सकाळपासून आपण एक शब्दही बोललेलो नाही. मग मुद्दाम खाली जाऊन टायरवाल्याला किती वाजले ते विचारलं. त्याने माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि वेळ सांगितली. भला माणूस.

काम तेच, हॉटेलच्या धुलाईघरात. इस्त्रीच्या गरम रुळांमधून चादर बाहेर आली की दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, मागे सरकायचं, पुढे यायचं, झाली घडी. माझ्यासमोर एक उंच बाई असते, मी मनात तिला लंबूबाई म्हणते. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, आणि इथली दोघींनाही कामापुरतीच. सात वर्षं आम्ही दिवसाला शेकडो वेळा एकमेकींजवळ येतो आणि लांब जातो. गेल्या महिन्यात तिने मोबाइलवर मला तिचे तीन मुलगे दाखवले. नवा नियम आलाय, परवान्यावर सात वर्षं काम केलं असेल तर मुलांना आणता येतं. तिने अर्ज भरला. मग माझ्याकडे बोट करून विचारलं, "तुझी?" मी मान हलवली. नाही म्हणून.

मध्ये एकदाच आले मी, तू अकरा वर्षांची असताना, पंधरा दिवसांसाठी. पहिल्या दिवशी चहा देताना तू चुकून मला म्हणालीस, "अहो, साखर घालू?" मावशी खळखळून हसली. मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. तुझा काय दोष? आठव्या वर्षापासून तुझी वेणी मावशीने घातली, तुझ्या तापात ती जागली, शाळेत पालक म्हणून सही तिची. मला तिचा हेवा वाटला आणि हेवा वाटल्याची लाजही वाटली.

आता जे सांगायचंय ते. तुझे बाबा गेले, त्याच्या दुसऱ्या वर्षी मी एजंटकडे अर्ज भरायला बसले होते. अकराव्या रकान्यात मुलांची नावं लिहायची होती. मी तुझं नाव लिहायला घेतलं, तसा त्याने कागदच ओढून घेतला. "ताई, मूल आहे म्हटलं की परवाना लटकतो. 'नाही' लिहा. कागदच तर आहे." नवा अर्ज आणायला त्याला दोन मिनिटं लागली. विचार केला तो तेवढाच. मी लिहिलं, नाही. मावशीलाही हे माहीत नाही. दर वर्षी परवाना वाढवायला गेले की खिडकीतली बाई तोच कागद बघून विचारते, "मुलं नाहीत, बरोबर?" आणि मी म्हणते, बरोबर. सहा वेळा म्हणाले.

गेल्या मंगळवारी सातवी वेळ. टोकन घेऊन दीड तास बसले. बाईने मान वर न करता विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, "एक मुलगी आहे." ठरवून गेले नव्हते गं. तिला वाटलं, मला प्रश्न कळला नाही. तिने हळू आणि मोठ्याने पुन्हा विचारला. मीही हळू आणि मोठ्याने पुन्हा सांगितलं. मग मला आतल्या खोलीत नेलं. तिथल्या साहेबाने तुझ्याबद्दल विचारलं. जन्मतारीख धडाधड सांगितली. आवडता विषय? चित्रकला म्हणाले, आणि मग आठवलं, ते तिसरीतलं. जवळची मैत्रीण? माहीत नाही. उंची? मी हात वर केला, खांद्यापाशी आणला आणि तिथेच धरून राहिले. फोनच्या पडद्यावर माणूस किती उंच झालं ते दिसत नाही. साहेबाने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

निकाल दोन महिन्यांत लागेल. खोटी माहिती दिली म्हणून मला परत पाठवतील, नाहीतर समज देऊन ठेवून घेतील. ठेवलं, तर तुझ्यासाठी अर्ज करता येईल. दुसऱ्या दिवशी कामावर लंबूबाईला तुझा फोटो दाखवला. तिने हातातली टोकं सोडली, चादर जमिनीवर, मुकादम ओरडला. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिच्या भाषेत कितीतरी वेळ बोलली. शिव्याच असाव्यात. सात वर्षांत पहिल्यांदाच इथे कुणीतरी मला हक्काने रागावलं.

हे पत्र अशासाठी, की येत्या दोन-तीन आठवड्यांत त्या कचेरीतून तुला फोन येणार आहे. दुभाषी असेल, मराठीतच बोलतील. विचारतील, ही बाई तुझी आई आहे का आणि तुला तिच्याजवळ राहायचंय का. मी सात वर्षं तुला नाही म्हणत आले, हे त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. त्यांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मला वाईट वाटेल म्हणून हो म्हणू नकोस आणि राग आलाय म्हणून नाही म्हणू नकोस. मावशीला सोडवत नसेल तर तसं सरळ सांग, त्यात माझा अपमान नाही. फक्त फोन उचल. अनोळखी नंबर दिसला की तू कापतेस, असं मावशी सांगत होती. हा एक कापू नकोस.

आता कागदोपत्रीही तुझीच,
आई