दह्याशेजारची डबी

आई, तुझ्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही, हे तुला कुणी सांगितलं नसेल. आम्ही घाटावर तासभर ताटकळलो. बाबा म्हणाले, "धाकटीचं लग्न थाटात करीन." कावळा ढिम्म. मावशी मला ढोसत होती, "तू बोल गं काहीतरी, तिचा जीव अडकलाय." तुला काय ऐकायचंय, तेच मला कळेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे जेवायला गेले.

त्याला चौदा वर्षं झाली. आता तुझ्यासारखीच माझ्याही छातीत गाठ निघाली आहे. रक्ताच्या चाचणीत एका जनुकात बदल सापडला, पण तो घातक की निरुपद्रवी, हे डॉक्टरांना ठरवता येईना. "आईच्या गाठीचा तुकडा मिळतो का बघा," त्या म्हणाल्या. तुझ्यातही तोच निघाला, तर माझे उपचार बदलणार होते आणि माझ्या लेकीलाही तपासून घ्यावं लागणार होतं.

तुझा तुकडा? तुझ्या अस्थी तर मी याच हातांनी नदीत सोडल्या होत्या. पण तुझं ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलने गाठीचा तुकडा मेणात जपून ठेवला होता; तळघरातून तिथल्या माणसाने तो आणला. नखाएवढ्या मेणात तू, वर तुझा नंबर. "सही करा, परत आणून द्या. हरवला तर दुसरा बनवून मिळत नाही," तो म्हणाला. म्हणजे तू इतकी वर्षं इथेच होतीस आणि हे फक्त त्या कावळ्याला ठाऊक होतं. मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू, आनंदही झाला.

दुसऱ्या दिवशी रविवार, लॅब बंद. उन्हाने मेण वितळेल म्हणून तुला स्टीलच्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं, दह्याशेजारी. सकाळी मी ओट्यापाशी उभी आहे आणि पाठीमागे तू आहेस. फ्रिजमध्ये काही उघडं ठेवलं की किती ओरडायचीस! मी डबीचं झाकण दोनदा बघून आले.

रिपोर्ट आला. तोच बदल. लॅबने तुकडा परत दिला, पण मी तो हॉस्पिटलला नेलाच नाही. डबी पुन्हा दह्याशेजारी आहे. परवा लेकीने फ्रिज उघडून विचारलं, "आई, यात काय आहे गं?"

"काही नाही."

आवाज तुझा होता. पोळ्या लाटताना तू छातीशी हात धरलास आणि मी विचारलं, तेव्हा तू अश्शीच म्हणाली होतीस. मग सहा महिने कुणाला कळू दिलं नाहीस. तुझा फार राग आला होता मला.

परवापासून खिडकीच्या गजावर एक कावळा येऊन बसतो. मी पोळीचा तुकडा ठेवते. तो माझ्याकडे बघत राहतो, पोळीला शिवत नाही. त्याला काय ऐकायचंय, ते मला या वेळी नीट कळतंय.

लेकीला मी अजून सांगितलेलं नाही.