कोर्टावरचं नेट

मंगळवार, संध्याकाळ. कुडवा.

आजही टेनिस क्लबात मी एकटाच. तरी नेट बांधलं, चुन्याच्या रेघा मारल्या, त्याही चौघांच्या खेळाला लागतात तेवढ्या सगळ्या. कायले, कोण जाणे.

आम्ही चौघांनी मुरूम टाकून हे कोर्ट केलं, तेव्हाच ठरलं होतं. आलेला माणूस न खेळता परत जाऊ नये. आणि जो शेवटी निघेल, त्याने नेट काढायचं.

दोघे वारले. बिसेन मुलाकडे नागपूरला. दुपारी फोनवर म्हणाला, "अजून जाऊन राहिला का बे? खेळतो कोणासंग?"

भिंतीसंग, म्हटलं. तो हसला नाही.

अंधार पडेपर्यंत नेटपाशी उभा होतो. काढलं असतं तर शेवटचा मीच ठरलो असतो.

तसंच बांधलेलं ठेवून आलो.