न्युरेम्बर्गचा खोटा पाऊस

रविवार, १४ सप्टेंबर

नाही सांगितलं. शेवटी नाहीच सांगितलं!

साडेचारला ह्यांचा फोन आला. पुण्यात तेव्हा आठ. बातम्या संपल्या की जेवणाआधी, रोजच्यासारखा. अगदी तोंडापर्यंत आलं होतं — "अहो, उद्या मी, विभावरी आणि तिची मैत्रीण मधू गाडीने स्पेनला निघतोय, तिथलं वाळवंट बघायला." एवढंच तर वाक्य! आणि म्हटलं काय? "उद्या बहुतेक फ्लॉवरची भाजी करीन."

ह्यांचा तो 'कशाला?' असतो ना, त्याची धास्ती. कधी हात उगारला नाही, आवाजही फारसा चढत नाही. पेपरातून डोकं न काढता नुसतं विचारतात. गाडी शिकते म्हटलं — कशाला? शाळेतल्या बायका जैसलमेरला निघाल्या — कशाला, वाळू बघायला? आणि आपण गप्प बसायचं. त्यात हा पितृपंधरवडा, म्हणजे बोलायलाच नको.

एकतीस वर्षं भूगोल शिकवला मी. 'वाऱ्याचे कार्य', 'नदीचे कार्य'. रंगीत खडूंनी फळाभर काढायचे — भूछत्र खडक, बारखाण, घळई. मुली माना मोडून वहीत उतरवायच्या. आणि बाई स्वतः कुठवर गेल्या? महाबळेश्वर! एम.ए.ला विभावरी माझ्या बाकावर होती, तिला हे सगळं ठाऊक आहे. अठ्ठावीस वर्षं झाली तिला इथे जर्मनीत. म्हणाली, "तुझ्या व्हिसाचे नव्वद दिवस नातवाला वरणभात भरवण्यात घालवणारेस का? आल्झो, तर मग सोमवारी सकाळी सहाला खाली ये."

प्रणव म्हणतो, "आई, सांगून टाक ना बाबांना." सांग म्हणे! ह्याने स्वतः बारावीचे मार्क तीन दिवस लपवले होते. उर्जाच बरी. "तुम्ही जा हो आई, इकडचं आम्ही सांभाळतो." सून गुणाची आहे, नजर न लागो.


सोमवार, १५ सप्टेंबर

गाडीत लिहितेय, अक्षर हलतंय.

विभावरी आउटोबानवर अशी चालवते की मी पहिला तासभर पाय दाबून ब्रेक मारत होते. मधू मागे दशम्या सोडून बसलीय. ती हेर्त्सोगेनआउराखला बुटांच्या कंपनीत नोकरी करते, मूळची अकोल्याची, पंचावन्नची असेल. दर शंभर किलोमीटरला काहीतरी खाते आणि दर वेळी म्हणते, "शुभाताई, हे शेवटचं हं!"

फ्रान्स आलं कधी ते कळलंच नाही. सूर्यफुलांची शेतं, सगळी वाळून काळी पडलेली, माना खाली. मग झोप. जाग आली तर तीच शेतं. पुन्हा झोप. कुठे आहोत, किती वाजले, काही कळेना, आणि कळून घ्यावंसं वाटेना. घरी मी कुकरच्या शिट्ट्या झोपेतही मोजते.

साडेचारला पेट्रोल पंपावर होतो. "पाऊस आहे का गं न्युरेम्बर्गला?" हे म्हणाले. मी डोळ्यांवर हात धरून उन्हात उभी. "आहे ना! सकाळपासून रिपरिप."

किती सहज आलं तोंडातून. त्रेसष्टाव्या वर्षी कळलं, मला खोटं छान जमतं!


मंगळवार, १६ सप्टेंबर

घळई पाहिली.

लुंबियेर नावाच्या गावाजवळ. जुन्या आगगाडीचा बोगदा आहे, आत मिट्ट काळोख, तिघी एकमेकींचे पदर — पदर कुठले, जर्किनं — धरून चाललो. बाहेर पडलो आणि दोन्ही बाजूंना भिंती. सरळ उभ्या. शे-दीडशे मीटर. मध्ये आभाळाची एक पट्टी, आणि खाली ही नदी तरी केवढी? आमच्या मुठेएवढीसुद्धा नाही. हिने कापलं हे सगळं!

वर गिधाडं फिरत होती. एक, दोन, मग तीसेक. पंख हलवत नव्हती, नुसती तरंगत होती. त्यांच्या सावल्या भिंतीवरून उतरत खाली आमच्या अंगावरून जायच्या.  मला वाटलं, मी वर्गात बसलेय आणि कोणीतरी मला शिकवतंय.

भिंतीला हात लावला. गार होती. आणि मला एकदम रडूच आलं, हुंदकेच! मधू घाबरली. "काय झालं हो शुभाताई?" म्हटलं, "काही नाही गं. पोर्शन पूर्ण झाला."


बुधवार, १७ सप्टेंबर

आज वाळवंट. बार्देनास म्हणतात ह्या भागाला.

वाळूचे डोंगर नाहीत इथे, त्याने आधी जरा हिरमोड झाला. माती आहे. पण काय माती! पिठासारखी पांढरी, मध्ये भगवा पट्टा, मध्ये राखाडी, पुन्हा पांढरी. जमिनीला जिकडेतिकडे घळी पडलेल्या, वाकून बघावं तर तळ दिसत नाही. कच्च्या रस्त्याने गाडी हळूहळू चाललेली, मागे धुळीचा लोट. खिडकीतून कोरडा गरम वास येत होता. तासभरात एक सायकलवाला भेटला, त्याने हात केला, आम्हीही केला. मला वाटायला लागलं की आम्ही गाडीतून जातच नाही आहोत, जमीनच आपली मागे सरकतेय.

आणि मग तो आला. मातीचा उंच सुळका, एकटाच, डोक्यावर खडकाची टोपी. मी ओरडलेच — "भूछत्र खडक!" गाडी थांबायच्या आत दार उघडलं, विभावरीने शिव्या घातल्या. सुळक्यासमोर उभी राहून दोघींना धडा शिकवला, वारा कसा खालची माती खातो, वरचा कठीण थर कसा उरतो. मधूने टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मग विभावरीने तिथल्या फलकाचं फोनवर भाषांतर करून वाचलं. "शुभे, इथे पाऊस लिहिलंय." म्हणे वर्षातून थोडाच पडतो, पण पडतो तेव्हा धो-धो, आणि हे सगळं त्या पाण्याने कोरलंय. वारा असतो, पण मुख्य काम पाण्याचं. एकतीस वर्षं मी असल्या प्रत्येक चित्राखाली बिनधास्त 'वारा' लिहीत आले! आता काय, सगळ्या मुलींना पत्रं पाठवू? दोघी इतक्या हसल्या की मधूला ठसका लागला. मीही हसले.

साडेचारला काचा वर करून गाडीत बसून बोलले. तरी ह्यांनी विचारलंच, "कसला आवाज येतोय गं?" "उर्जा व्हॅक्युम क्लीनर फिरवतेय." वारा होता तो. एकदाचा खरा वारा, आणि मी त्याचा व्हॅक्युम क्लीनर केला.


गुरुवार, १८ सप्टेंबर

आज ह्यांनी विचारलं, "आज काय पाहिलंस?"

अडतीस वर्षांत हा प्रश्न नाही विचारला कधी! जेवलीस का, बिल भरलंस का, गुरुजींना फोन केलास का. पाहिलंस काय, हे नाही. आणि विचारायला मुहूर्त कुठला शोधला बघा. सकाळी उजाडताना आम्ही एका कड्यावर बसलो होतो. खालचा सगळा प्रदेश आधी निळा होता, मग जांभळा, मग कोणीतरी आतून दिवा लावावा तसा गुलाबी झाला. माझ्या तोंडात अजून तेच सगळं भरलेलं.

म्हटलं, "काय बघणार? समोरचा बसस्टॉप."

"बरं," म्हणाले. फोन ठेवल्यावर माझा जीव इतका चरफडला, कोणावर ते कळेना.


शुक्रवार, १९ सप्टेंबर

शेवटचा दिवस. दुपारी एका सुळक्याच्या सावलीत चादर घालून आडव्या झालो. मधू घोरत होती. विभावरीने डोळे मिटूनच विचारलं, "कधी सांगणारेस मोहनरावांना?"

"सांगेन."

"तू भितेस नक्की कशाला? ते काय करतील?"

"काही करणार नाहीत गं. 'कशाला गेलीस?' म्हणतील."

"मग म्हणू देत!"

तिला कसं सांगू? ती अठरा वर्षं एकटी राहतेय, तिला कोणी विचारत नाही. ह्या गुलाबी रंगावर, त्या गिधाडांवर, माझ्या रडण्यावर तो एक शब्द पडला की सगळं विटणार. जैसलमेरचं तसंच झालं. न जाताच विटलं. हे मात्र मला विटू द्यायचं नाही. हे माझं आहे. म्हणून खोटं बोलतेय, दुसरं काही कारण नाही.

पण खरं लिहायचं तर, काल त्या कड्यावर मला वाटून गेलं, हे इथे असते तर गप्प बसले असते. नक्की गप्प बसले असते. आणि मी शेजारी बसले असते. असं का वाटावं? इतका राग असताना?


शनिवार, २० सप्टेंबर

परतीचा रस्ता. तासभर श्टाऊमध्ये, म्हणजे ट्रॅफिक जॅममध्ये, अडकलो. झोप, सूर्यफुलं, झोप. मधूच्या दशम्या संपल्या. "गेनाऊ, अगदी बरोबर," विभावरी म्हणाली, "म्हणूनच परत निघालो."


रविवार, २१ सप्टेंबर

न्युरेम्बर्ग. नातवाने, विहानने, दारातच माझ्या बुटांतली माती झटकून खाली कागदावर गोळा केली. मी मराठीत गोष्ट सांगत होते, तो जर्मनमध्ये प्रश्न विचारत होता, आमचं छान चाललं होतं.

ठरवून बसले होते की आज सांगायचं. साडेचारला फोन आला. "पाऊस थांबला का गं?" म्हणाले.

"थांबला."

"बरं." मग म्हणाले, "आणखी काही?"

"नाही. आणखी काय?"

शुभा, तू नंबर एकची भित्री आहेस. दुसऱ्या कोणाचा दोष काढू नकोस.


सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले. साडेचारची वाट न बघता आज मीच फोन केला. डोळे मिटून म्हटलं, "अहो, मी न्युरेम्बर्गला नव्हते. स्पेनला वाळवंट बघायला गेले होते."

"माहितीये. गेल्या सोमवारीच प्रणवला फोन केला होता, तो विहानने उचलला. जर्मनमध्ये काहीतरी सांगत होता तुझ्याबद्दल. मला कळेना, म्हणून कागदावर लिहून घेतलं आणि वरच्या मजल्यावरच्या स्वानंदीला दाखवलं. ती जर्मनच्या क्लासला जाते ना."

पुण्यात दर सोसायटीत एक तरी पोर जर्मन शिकतंय, आणि आम्ही सगळे निर्धास्त!

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून रोज विचारत होतो." मग म्हणाले, "शुभा, अडतीस वर्षांत मी तुला इतकं घाबरवून ठेवलंय का गं?"

"हो," म्हटलं मी.

फोन दोघांनीही ठेवला नाही.