घंटी ऐकली, मान वर केली नाही

९ डिसें. ९८
चोर सापडला! आठवडाभर माझ्या टाईपिंगमधून मधीच एखादी ओळ गायब होऊन राह्यली होती. मी काम करते त्या कॉम्प्युटर सेंटरचे मालक श्रीनू अन्ना म्हणत, तू घाई करते. मी? टाईपिंग इन्स्टिट्यूटमधे फर्स्ट आलेली मी?
आज मुद्दाम स्क्रीनकडे पाहून टाईप केलं. तर यूपीएसचा प्रोग्राम! ‘बॅटरी ठीक आहे’ एवढंच सांगायला आपली छोटी विंडो घेऊन एकदम समोर येते. टिंग. मग मी मारते ती सगळी अक्षरं तिच्यात, म्हणजे कुठंच नाही. ओळ संपली, एंटर मारला, का ती बंद. मान वर करून पाहा, काहीच झालं नाही असं.

१० डिसें.
टिंग मला आधी काऊन ऐकू आलं नाही? आलं की! पण टाईपरायटरवर ओळ संपत आली का घंटी वाजतेच. इन्स्टिट्यूटच्या मॅडम मागून पट्टी टेकवायच्या मानेवर. नजर कागदावर, घंटी वाजो का काही वाजो. तेच अंगात बसलं. अन्नाची बाकीची पोरं एक बोट, एक बोट करून स्क्रीन पाहत टाईप करतात. त्यांची ओळ कधी जात नाही. हसायचे मला, आता मीच हसते.

१२ डिसें.
जुन्या कॉम्प्युटर मॅगझिनमधे उपाय मिळाला. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगात, एक आकडा बदलायचा, मग दुसरा कोणता प्रोग्राम समोर उडी मारत नाही, खाली पट्टीवर नुसता लुकलुकते. अन्ना तेलुगूत ओरडले, “मिशन पाडैपोतुंदि!” म्हटलं, नाही खराब होत अन्ना, खराब झालं तर मी आहे ना. बदलला. टाईप करत बसली. विंडो आली, खालीच लुकलुकली, माझी ओळ जशीच्या तशी. टाळ्या वाजवल्या मी. एकटीनंच.
संध्याकाळी सायकलवर घरी येताना एकदम डोक्यात आलं. मागच्या आठवड्यातली शाळेची यादी.

१३ डिसें.
जैनथच्या पुढच्या गावातले मास्तर. त्यांच्या दहावीच्या मुलांची नावं मीच टाईप केली. ती यादी इथल्या शिक्षण ऑफिसात, तिथून हैदराबादच्या बोर्डाला. यादीत नाव असेल त्यालाच हॉल टिकिट.
नेहमी ताळा घेतो. मी छापील वाचते, मास्तर आपल्या कागदावर टिक मारतात. त्या दिवशी त्यांची बस निघत होती. “राहू द्या बेटा, तुमचं काम चोख असते.” मीही म्हटलं, हो सर.
फाईल उघडली. त्रेचाळीस नावं. नंबर कॉम्प्युटर आपोआप टाकते, म्हणून मधी खाच दिसत नाही. मूळ कागद मास्तरजवळ.
एखादं नाव नसेल गेलं. माझं काऊन जाईल.

१५ डिसें.
मास्तरांकडं गेली नाही. अन्ना म्हणे, “एम कादु, काही होत नाही. आपणहून सांगायला जाऊ नको.” आई म्हणे, “काऊन जेवून नाही राह्यली? कोणी काही बोललं का?” म्हटलं डोकं दुखते.
घंटीचा आवाज कुठूनही येते, सायकलची वाजली तरी दचकते.

१८ डिसें.
गेली. बस, मग ऑटो. मास्तरांच्या कागदावर चव्वेचाळीस. बोट ठेवत ठेवत खाली. तीस बरोबर. एकतीसवं नाव माझ्या यादीत नाही. वंदना.
मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तारीख गेली बेटा.” रागावले असते तर बरं होतं.
तेवढ्यात एक पोरगी पाण्याचा गिलास घेऊन आली. “ताई, तुमीच टाईप केलं का? आमची नावं कॉम्प्युटरात कशी दिसतेत वो?” म्हटलं, चांगली दिसतेत. ती गेल्यावर मास्तर म्हणाले, हीच ती. मोठ्या बहिणीला बापानं नववीतच काढलं. हिला म्हणाला, दहावीला एक साल देतो, एकच.

२१ डिसें.
मास्तरांसोबत ऑफिसात. क्लार्क: “तारीख निकल गई मास्टरसाब. दरख्वास्त दे दो, ऊपर भेजते.” सेंटरवर येऊन अर्ज मी टाईप केला. ‘चूक टाईप करणारीची आहे’ असं लिहिलं. मास्तर म्हणे, “काढा ते. यादीवर सही माझी होती.” काढलं नाही. ‘आणि सही करणाऱ्याची’ एवढं जोडलं. सही केली त्यांनी. ऑफिसात देऊन शिक्का मारलेली कॉपी आणली.

२ फेब्रु. ९९
उत्तर नाही. आज वंदनाला सांगितलं, मीच. आधी हसली. “एवढ्या मोठ्या मशीनला मीच सापडली का खायला?” मी निघताना पुस्तक उघडून बसली होती, पण पान उलटत नव्हती.

१६ मार्च
हॉल टिकिटं आली. मास्तरांचा फोन, शेजारच्या दुकानात. त्रेचाळीस.
बाबा विचारतात, काय झालं. सांगून टाकलं सगळं. भाजीच्या पाट्या लावता लावता ऐकलं त्यांनी. म्हणाले, “आता लपायचं नाही.” एवढंच.

१८ मार्च
क्लार्क म्हणते, “हैदराबाद से कागज निकला बोलते. पहुँचा तो बैठेगी, नहीं तो नहीं. पेपर के दिन सेंटर पे लाओ.”
परवानगीचा कागद खरंच निघाला का? कोण बोलते? विचारलं तर पान चघळत दुसऱ्याकडं पाहू लागला.
वंदनाचा बाप मास्तरांना म्हणाला, “टिकिट नाही तर गेटावर उभी राहून करते काय?” पाठवतो बी म्हटलं नाही, नाही बी म्हटलं नाही.

आज पहिला पेपर
बस स्टँडवर बसून लिहून राह्यली. शिक्क्याची कॉपी पिशवीत आहे. तीनदा पाह्यली. परीक्षेच्या सेंटरवर कागद पोचला नसला तर गेटवर काय म्हणायचं ते तेलुगूत, हिंदीत पाठ केलं: चूक माझी, पोरीची नाही.
जैनथची बस आली. बापानं वंदनाला पाठवलं का, ते याच बसला कळणार. मास्तर उतरले, हातात अर्जाच्या कागदांचं पाकीट. माझ्याकडं पाह्यलं, मग मागं वळून दाराकडं पाहू लागले. लोकं अजून उतरून राह्यलेत.